माझ्या मापाची सायकल

९ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच बाजूला ठेवणार असशील तर थांब. घरातलं काही लिहिलेलं नाही. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही. काम फक्त सायकलचं आहे. पत्ता मावशींकडून मिळवला. फोन नंबर द्यायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. बरंच झालं. फोनवर तू "कोण बोलतंय?" असं विचारलं असतंस, आणि मला पुढे बोलताच आलं नसतं.

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई आहेत. माझ्यासारख्याच मागच्या खोलीत बसून काचा घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. वयही माझ्याएवढंच. त्यांना रोड सायकल घ्यायची आहे. तीच ती, पातळ चाकांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल असलेली. पहिलीच सायकल, आणि खिशाला परवडेल अशी हवी. त्यांची उंची, मापं आणि किती परवडेल तो आकडा मागच्या बाजूला लिहिलाय. बघून हसायचं नाही.

त्यांच्यासोबत मी सायकलच्या मोठ्या दुकानात गेले होते. विकणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "मुलाचं वय काय?" मुलासाठी नाही म्हटलं. मग म्हणाला, "मिस्टरांची उंची?" मिस्टरांसाठीही नाही म्हटल्यावर तो आम्हाला पुढे टोपली लावलेल्या जांभळ्या सायकलींपाशी घेऊन गेला. "लेडीजना ही कम्फर्टेबल पडते." रोड सायकलच दाखव म्हणून हट्ट धरला तेव्हा कुठे त्याने एक खाली काढली. आकडा जेमतेम बसत होता. आनंद व्हायच्या आत म्हणाला, "पण खरं सांगू? अजून थोडे घातले की ही दुसरी येते." दुसरीपाशी गेलो. "हिच्यात अजून थोडे घातले ना, की गिअर एकदम लोण्यासारखे." असं करत करत आम्ही दुकानाच्या पार टोकाला पोहोचलो. तिथली सायकल मी एका बोटाने उचलली आणि तिच्या किमतीत आमचं स्वयंपाकघर नवीन झालं असतं.

बाहेर आल्यावर इतका संताप झाला की बस सोडून मी चालतच घरी आले.

तर तू लिही. अॅल्युमिनियम की लोखंड, किती गिअर, ब्रेक कुठले. आणि कळेल असं लिही.

तुझा दादा बरा आहे.

वहिनी

२ मार्च

बारक्या,

तुझं चार पानी पत्र आलं. फ्रेमवर एक पान, टायरवर अर्धं, गिअरवर दीड आणि ब्रेकवर उरलेलं. "वहिनी, कशी आहेस" यासाठी अर्धी ओळही उरली नाही. आणि तळाला काय, तर "त्या बाईंची उंची आणि मापं अगदी तुझ्यासारखी आहेत, हा योगायोगच म्हणायचा."

हो, मीच ती बाई. खूश?

आता विचारशील, या वयात काय सुचलं. दुकानातल्या कॅशिअरबाईंचा एक गट आहे. रविवारी सकाळी सायकली काढून गावाबाहेर जातात. त्यांनी एकदा बोलावलं, मी गेले. माझ्याकडे ती जुनी, टोपलीवाली, वजनाला म्हशीसारखी. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढ आला की बाकीच्या पुढे आणि मी खाली उतरून ढकलतेय. तरी दर रविवारी गेले. मग त्यांनी शंभर किलोमीटरच्या मोहिमेत नाव घातलं. कुणाशी शर्यत नव्हती, ठरलेल्या वेळात पोहोचलं की झालं.

निम्म्याच्या पुढे गेले होते रे. मागून एक टेम्पो आला. त्यातला माणूस खाली उतरून अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, वेळ संपली, बसा आता." माझी सायकल दोघांनी उचलून मागे टाकली, कचऱ्याच्या डब्यासारखी. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. पुढे गेलेल्या एकेकीला मागे टाकत आमचा टेम्पो निघाला आणि त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघून हात हलवत होत्या. मी मान वळवून दुसऱ्या बाजूची शेतं बघत बसले. पाय दुखत नव्हते, दम लागला नव्हता. सायकल जड होती, एवढंच. पायांत ताकद असताना हरायचं, हे मला सहन होत नाही.

पुढची मोहीम एप्रिलच्या मध्यात आहे.

तू लिहिलेलं वाचून दुसऱ्या दुकानात गेले. तू सांगितलंस, सगळ्यात आधी माप, मग बाकीचं. माझं माप एस. दुकानात एस नाही. एम आहे, एल आहे, माझ्या उंचपुऱ्या आजोबांनाही मोठी पडली असती अशी एक एक्सएल आहे. दुकानदार म्हणाला, "एम घ्या, सीट खाली करून देतो." अरे, मी आयुष्यभर फ्रेमचंच काम करते. चष्मा मोठा झाला की तो नाकावरून घसरतो. सायकल मोठी झाली तर मी घसरेन. एस कधी येणार विचारलं तर म्हणे, "बायकांची मागणी नसते ना, म्हणून कंपनी पाठवत नाही." मग त्याच्यासमोर काय भिंत उभी होती?

ऑनलाइन बघितलं. एस आहे, पण "सध्या उपलब्ध नाही". गेला आठवडाभर रोज उघडून बघते.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "फ्रिज खडखडतोय आणि तुला सायकल." फ्रिजचं त्याचं खरं आहे. पण हे पैसे मी रोज संध्याकाळी जादा थांबून कमावलेत. त्याला तसं म्हटलं नाही. हल्ली तो घरीच असतो बराच, म्हणून मी जरा जपून बोलते.

तू त्याच्याबद्दल विचारलं नाहीस, तोही तुझ्याबद्दल विचारत नाही. तुझं पाकीट टेबलावर बघून "तिकडून आलंय वाटतं" एवढंच बोलला. तुझं नाव आता "तिकडचा" आहे.

वहिनी

२८ मार्च

बारक्या,

घेतली!

जुनी आहे, म्हणजे वापरलेली. कॅशिअरबाईंच्या ओळखीतून कळलं. विकणारा बँकेतला अधिकारी, सोसायटीत तिसरा मजला, दारात बुटांचं कपाट. "फार कमी चालवलीय हो, हौस म्हणून घेतली होती." निळी, चकाचक, माझ्या आकड्यात, आणि एस. बायकोची होती म्हणाला. एका हाताने उचलता येते. मी सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि खरं सांगते, माझी मीच हसत सुटले.

तू लिहिलं होतंस की वापरलेली घेणार असशील तर आधी फोटो पाठव, सांध्यांचे जवळून काढ, मी बघितल्याशिवाय हो म्हणू नको. माहितीये. पण तुला फोटो पाठवायचे म्हणजे पत्रातून, मग तुझं उत्तर येणार, तोवर दुसरं कुणी घेऊन गेलं असतं. अजून दोघं बघून गेलेत, असं तो म्हणाला होता. तेव्हा रागावू नकोस. आता मोहिमेपर्यंत सराव करते.

दादाने सायकलकडे बघितलंही नाही. तो पंख्याचं काम करत होता. पंखा त्याने या महिन्यात तिसऱ्यांदा खोलला. चांगला फिरत होता.

वहिनी

११ एप्रिल

बारक्या,

"मी सांगितलं होतं" हे वाक्य लिहिणार असशील तर पुढचं पत्र पाठवूच नकोस.

परवा दुकानातून आले तर सायकल घरात नाही. दादाही नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "ते सायकल खांद्यावर घेऊन गेले. चालवत नव्हते, खांद्यावर." विकली की काय?

अंधार पडताना आला. सायकल नव्हती. खिशातून पैशांचं पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पाणी प्यायला गेला. मी मागोमाग.

"हे काय केलंत?"

"परत केली."

"मला न विचारता?"

"फ्रेमला तडा होता. हँडलच्या खालच्या सांध्याला. वर स्टिकर लावला होता."

झालं होतं असं, की मी कामावर गेले की हा माझी सायकल पुसत बसायचा. मला पत्ताही नव्हता. पुसताना स्टिकरच्या कडेला त्याचं नख अडकलं. इतकी वर्षं यंत्रांवर काढली त्याने, त्याला शंका आली. स्टिकर सोलला. खाली केसाएवढी रेघ. त्या फ्रेमवर मी उतारावरून सुसाट येत होते, बारक्या. परवापर्यंत.

मग हा सायकल घेऊन त्या अधिकाऱ्याकडे गेला. तो म्हणाला, विकलेला माल परत नाही. दादा बरं म्हणाला आणि त्याच्या दारासमोर जिन्यात बसला. सायकल आडवी ठेवून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तडा दाखवत. "बघा, यांनी माझ्या बायकोला ही विकली." सगळा जिना गोळा झाला. अधिकारीसाहेबांच्या सौभाग्यवती बाहेर आल्या तेव्हा कळलं की सायकल त्यांची कधीच नव्हती. शेवटी पैसे मिळाले, थोडे कापून.

मी म्हटलं, "अहो, किती वेळ बसलात तिथे?"

"मला दिवसभर दुसरं काय काम आहे?"

असं म्हणाला आणि चप्पल सरळ करायला वाकला. चप्पल सरळच होती.

मोहीम आठ दिवसांवर. सायकल नाही. नव्याने शोधायचा मला कंटाळा आलाय. काल एका दुकानात गेले, पुन्हा तेच, अजून थोडे घाला. मी दुकानदाराला म्हटलं, "कुठून घालू, तुम्ही द्याल?" तर हसला.

वहिनी

१९ एप्रिल

बारक्या,

आज मोहीम झाली. मी केळी वाटली. पन्नासाव्या किलोमीटरला टेबल होतं, तिथे उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात अर्धं केळं ठेवलं. "शाब्बास, चला चला," असं ओरडत. घसा बसलाय.

तुझं पत्र काल आलं. पाच पानं. तडे कसे ओळखावेत, कुठल्या धातूचा तडा कसा पसरतो, पुढच्या वेळी काय तपासायचं. सगळं बरोबर असेल. मी पहिल्या पानानंतर वाचलं नाही. मला तुझा राग आलाय. तुम्हा दोघांचाही आलाय, पण दादा समोर आहे, त्याच्यावर ओरडता येत नाही, म्हणून तू ऐक.

मी लिहिलं, दादा घरीच असतो. मी लिहिलं, पंखा तीनदा खोलला. मी लिहिलं, दिवसभर काम नाही म्हणाला. तू काय विचारलंस? स्टिकर कुठल्या रंगाचा होता!

छापखाना बंद झाला. गेल्या वर्षीच. यंत्रं भंगारात गेली. ज्या यंत्रावर त्याने उभं आयुष्य काढलं ते तुकडे करून ट्रकमध्ये भरताना तो फाटकापाशी उभा होता. त्यानंतर चार ठिकाणी गेला. सगळीकडे म्हणतात, तुमचं वय. तो घरी आला आणि मला म्हणाला, "हे कुणाला कळता कामा नये. तिकडच्याला तर अजिबातच." मी इतके दिवस पाळलं. आज मोडतेय.

त्याच छापखान्यात त्याने तुझ्यासाठी शब्द टाकला होता. आणि तू पहिल्या दिवशी गेलाच नाहीस, कारण शर्यत होती. मालकासमोर त्याची मान खाली गेली. सायकलीवर पोट भरतं का, असं दादा घरी आल्यावर तुला म्हणाला. पुन्हा या दारात दिसू नको, असंही म्हणाला. म्हणाला ना, मी तिथेच उभी होते. पण तू लहानपणापासून त्याचं एक तरी ऐकलंस का? दूध आण म्हटलं तर आणलं नाहीस, अभ्यास कर म्हटलं तर केला नाहीस. मग हे एकच का ऐकलंस? एवढा आज्ञाधारक कधीपासून झालास?

आता तुझं पोट सायकलीवर भरतं आणि त्याचा छापखाना राहिला नाही. हे त्याला कळतं. म्हणूनच तो तुझं नाव घेत नाही. तुला वाटत असेल अजून रागावलाय. अरे, तो लाजलाय.

सायकलचे पैसे मी फ्रिजला देणार आहे. तुझी सायकलची पानं आता पाठवू नकोस.

वहिनी

२४ मे

बारक्या,

महिनाभर गप्प बसलास आणि मग पत्र पाठवलंस ते दादाला. माझं नाव नाही पाकिटावर. मी फोडलं नाही, टेबलावर ठेवलं आणि भाजी चिरायला बसले. म्हणजे एकच कांदा कितीतरी वेळ चिरत होते.

त्याने उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून वाचलं. मग ओरडला, "मला शिकवतो! इतक्या वर्षांनी एक पत्र, आणि त्यात पाना कितीचा घ्यायचा!"

मी म्हटलं, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, सायकल एसच, पण सीटसाठी वहिनीच्या पायाचं माप चुकलंय. भिंतीला पाठ लावून, पुस्तक धरून पुन्हा घे." आणि लगेच पुस्तक शोधायला उठला. मला भिंतीला उभं केलं, पेन्सिलीने खूण केली, तीन वेळा मोजलं. तुझं खरं निघालं. हे तो तुला कबूल करणार नाही, म्हणून मी सांगते.

त्या पत्रात तू गेल्या वर्षीच्या मॉडेलचं लिहिलं होतंस, रंग खपला नाही म्हणून स्वस्तात काढताहेत, एस शिल्लक आहे, गाव ओलांडून त्या टोकाच्या दुकानात. दादा स्वतः सोबत आला. दुकानदाराने सायकल दाखवली आणि सवयीने सुरू झाला, "पण साहेब, यात अजून थोडे घातले तर..." दादा म्हणाला, "नाही घालणार." बस. त्याने लगेच बिल काढलं. मला हे तीन महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं.

रंगाबद्दल मात्र तू आधी सांगायला हवं होतंस. पोपटी! आणि त्यावर जांभळे पट्टे. मी दुकानातच म्हटलं, ही रस्त्यावर घेऊन गेले तर लोक पाखरू समजतील. पण बसले, आणि हात जिथे जायला हवेत तिथे गेले, पाठ ताणली नाही, मान दुखली नाही. चष्मा नीट बसला की गिऱ्हाईक एक क्षण बोलायचंच थांबतं, तसं माझं झालं. आणि आकड्यात होती. फ्रिज अजून खडखडतोय, खडखडू दे.

वजनाला तू म्हणालास तशी थोडी जडच आहे. पण दवाखान्यामागचा तो चढ मी काल न उतरता चढले. पुढची मोहीम पावसाळ्यानंतर आहे. नाव घातलंय.

आता तुमच्या फोनबद्दल. त्याच पत्रात तू नंबर दिलास, त्याने दोन दिवस लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी पाना हातात घेऊन मला म्हणाला, "लाव गं जरा, या बोल्टचं विचारायचंय." मी लावून दिला आणि आत गेले, पण कान बाहेरच होते. तू काय म्हणालास ते ऐकू आलं नाही. दादा म्हणाला, "हं." मग पुन्हा, "हं. बंद झाला." मग खाकरला आणि म्हणाला, "सीटचा बोल्ट केवढ्याचा आहे?"

त्यानंतर रोज संध्याकाळी तुमचं जे काय चाललंय त्याने मी वैतागले आहे. तू म्हणतोस सीट वर घ्या, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. तो म्हणतो, तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, पडली तर कोण बघणार, तू येणार का तिकडून? तू फोटो मागवतोस, तो फोटोसाठी सीट वर करतो आणि फोटो काढला की खाली करतो. हो, तुला फसवतोय, आता कळलं ना? मी एक दिवस वर, एक दिवस खाली अशी चालवतेय. गुडघे दुखताहेत. मी विचारते मला काय बरं वाटतं ते कुणी विचारणार का, तर दोघंही एकदम म्हणता, "तू थांब."

काल तर कहर झाला. "तुला जमिनीवरच्या माणसांचं काही कळत नाही," असं तो ओरडला, तू काय ओरडलास ते मला आतल्या खोलीतही ऐकू आलं, आणि दोघांनी फोन ठेवला. आज सकाळपासून म्हणतोय, आता त्याच्याशी बोलणार नाही.

मी आता मध्ये पडणार नाही. निरोप्याचं काम बंद. तुझं म्हणणं त्याला आणि त्याचं तुला सांगणार नाही. काय ते एकदा इथे येऊन, सायकल मध्ये ठेवून, समोरासमोर भांडा. मी वर बसते, तुम्ही ठरवा.

आणि एक. सायकल आणल्यापासून ती तुझ्या जुन्या खोलीत उभी होती. काल फोन आपटल्यावर थोड्या वेळाने बघते तर दादा ती उचलून आमच्या खोलीत आणतोय, पलंग आणि कपाटाच्या मध्ये, जिथे आधीच चालायला जागा नाही. मी म्हटलं, "अहो, इथे कशाला? तिथे काय अडचण होती?"

माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग तिथे गादी कशी पसरणार?"

वहिनी